पेटीला हाळी देणाऱ्या नीलिमाबाई

नीलिमाबाई गेल्याची बातमी हुसेनने आणली. आम्ही खळ्यावर भात झोडत होतो आणि माझा फोन घरातल्या कोनाड्यात वाजून वाजून गप्प झाला होता. म्हणून त्यांच्या भावाने हुसेनला फोन लावला. हुसेन मुलाणी म्हणजे आमच्या गावचा पाणी सोडणारा माणूस, पंपघर त्याच्या ताब्यात. तो कुठलीच गोष्ट सरळ सांगत नाही. खळ्याच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, पुन्याहून फोन होता. काहीतरी झालंय." मी म्हटलं, "काहीतरी म्हंजी काय? समोरचा काय बोलला त्यो शब्द सांग." तेव्हा म्हणाला, "बाई गेल्या. झोपंतच." ... हातात पेंढी होती ती झोडून पुरी केली आणि मग खाली बसले. डोळे दाखवायला पुण्याला जाते, चार दिवसांत परत येते, असं सांगून त्या गेल्या होत्या. जाताना दाराला कडीसुद्धा नीट लावली नव्हती. कधीच लावत नसत.

कोळवणच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी आमची वाडी आहे. माझ्या घराची मागची खोली मी भाड्याने देते. खोऱ्यात आता शहरातल्या लोकांचे बंगले झालेत. ते शनिवारी येतात आणि रविवारी जातात. सोमवारीही इथंच राहीन म्हणणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं ते नीलिमाबाई. साठीच्या आसपासच्या होत्या. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत जन्म काढून निवृत्त झालेल्या. मी विचारलं, "मालक कुटं असतात?" म्हणाल्या, "मालक केलाच नाही." "मंग हितं एकट्या काय करनार?" "एक भाषा बनवतेय. लहानशी. कॉम्प्युटरशी बोलायची." मी म्हटलं, "एवढ्या भाषा हायेत, त्यातली एक बी चालत न्हाई व्हय?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चालतात. पण ही माझी आहे." हे मला पटलं. माझी चूलही अशीच आहे. शेगडी घरात आहे, तरी मी भाकरी चुलीवर करते.

गुण सांगायचे म्हणून सगळं गोड सांगणार नाही. बाई पसाऱ्याच्या होत्या. दूध ठेवून विसरायच्या, भांडं करपवायच्या आणि ते तसंच मोरीत टाकायच्या. स्वतःशी बोलायच्या. शेजारणींना वाटायचं बाई भांडतेय. मी एकदा दारात उभी राहून ऐकलं तर म्हणत होत्या, "अगं, आहेस ना तिथं? दिसतेयस मला. मग ओ का देत नाहीस?" मी आत डोकावले. खोलीत कोणी नव्हतं, कॉम्प्युटर तेवढा चालू होता. "कुनाला म्हनताय?" तर म्हणाल्या, "जावाला." जावा ही मोठी भाषा आहे, जगभर चालते, आणि त्यांची लहान भाषा त्या मोठीच्या अंगणात बसून तिच्याकडून कामं करून घेते, असं त्यांनी मला सांगितलं. लहान भाषेच्या जातीला लिस्प म्हणतात. तिच्यात कंसच कंस. पडद्यावर बघितलं तर चंद्रकोरी सांडल्यासारखं दिसायचं. मी म्हटलं, "एवढे कंस कशाला?" त्या म्हणाल्या, "कंस म्हणजे बांधणं. आत पहिलं लिहायचं काय करायचं, मग ज्याला सांगायचं तो, मग त्याला काय द्यायचं. आणि बांधलेल्यात परत बांधलेलं ठेवता येतं." पेंढ्यांचा भारा बांधतात तसंच झालं. आतली पेंढी आधी सुटते, मग भारा. मला त्यात अवघड काही वाटलं नाही. अवघड पुढं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली, पण विचारायला मला लाज नाही. संध्याकाळी भांडी झाली की मी त्यांच्या उंबऱ्यात बसायची आणि विचारायची, आज काय केलं. त्याही कंटाळत नसत. एकदा म्हणाल्या, "साध्या जावात काय होतं, कोणाला काय सांगायचंय ते आधीच ठरवून, लिहून, पक्कं करून ठेवावं लागतं. लग्नाच्या आचाऱ्याला आधी सांगतो तसं. ऐन पंगतीत म्हणालात की आता खीर कर, तर नाही जमत. माझ्या भाषेत तसं नाही. मी ऐन वेळी नुसतं नाव घेते. मग ती भाषा जावाच्या घरात जाते, या नावाचं काम जाणणारं कोणी आहे का बघते, असलं तर त्याच्याकडून करून घेते. याला रिफ्लेक्शन म्हणतात. घरानं आरशात स्वतःकडे बघायचं आणि सांगायचं, माझ्याकडे हे आहे, हे आहे."

मी म्हटलं, "म्हंजी हाळी."

"हाळी?"

आता आमच्याकडे आवणीच्या दिवसांत कसं असतं, ते त्यांना दाखवावंच लागलं. भाताची लावणी चालू असते, बाया खाली खाचरात वाकलेल्या. मी वयाने वाकू शकत नाही म्हणून वरच्या बांधावर उभी राहते. रोपं संपली की पारूला हाक, बांध फुटला की सखारामला, चहा आला की सगळ्यांना. कधी कोणाला हाक मारायची हे सकाळी ठरलेलं नसतं. जे लागेल त्याचं नाव त्या वेळी घ्यायचं, लांबून, जोरात. मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून एक हाळी देऊन दाखवली. कोंबड्या उडाल्या, पलीकडच्या वाडीतून कोणीतरी ओ दिली. बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून दाखवलं. त्यांच्या भाषेत जावाकडून काम करून घ्यायचा जो शब्द होता तो काढून त्यांनी तिथं मराठीत "हाळी" लिहिलं होतं. मी म्हटलं, "चालंल का?" "चालतं की. नाव काय, मी ठेवीन ते."

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण त्या वर्षी पाणी बंद झालं.

आमच्या गावाला नळयोजना आहे. नदीवरून पाणी टाकीत, टाकीतून वाड्यांना. आमची वाडी टाकीपेक्षा उंच, म्हणून पंप चालू असेल तेव्हाच तिथे पाणी चढतं. आमच्या वाडीची लाइन डोंगरावरच्या एका विजेच्या व्हॉल्ववर चालते आणि तो व्हॉल्व पंपघरातल्या कॉम्प्युटरच्या सांगण्याने उघडतो. सगळे त्या कॉम्प्युटरला आणि त्यात चालणाऱ्या प्रोग्रामलाही पेटीच म्हणतात. ज्या कंपनीने पेटी बसवली ती बंद पडून गेली. पेटीच्या पडद्यावर दोनच बटणं, चालू आणि बंद. वाडीचा व्हॉल्व कधी उघडायचा ती वेळ कंपनीच्या माणसांनी आत भरून ठेवलेली, बाहेरून बदलता येत नाही. पंप शेतीच्या लाइनीवर आणि शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. तिची वेळ बदलली आणि व्हॉल्व उघडायचा तेव्हा वीज नसायची. वीज यायची तेव्हा व्हॉल्व बंद. रात्री डोंगरावर जाऊन हाताने फिरवावा म्हटलं तर तिकडं बिबट्या. हुसेन म्हणाला, "मावशी, मला बायकापोरं हायेत." बरोबर होतं त्याचं. खालच्या गावाला पाणी, बंगल्यांच्या हौदांना पाणी, आणि आम्ही ओढ्याच्या झऱ्यावर हंडे घेऊन.

माझा मुलगा दत्ता महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहतो. त्याला हेच निमित्त मिळालं. "आई, आता पुरे. हितं पाणी न्हाई, मानूस न्हाई. लिफ्ट हाय आपल्याकडं, नळ फिरवला की पाणी. घर बंद कर अन् चल." तो वाईट बोलत नव्हता. पण मी त्या फ्लॅटमध्ये राहून आले आहे. खिडकीतून समोरची खिडकी दिसते आणि हाक मारली तर लोक पोलिसांना बोलावतील. मी म्हटलं, हंडे उचलता येतात तोवर येणार नाही. तो म्हणाला, "अन् मंग?" हंडे जड व्हायला लागलेच होते.

नीलिमाबाईंनाही पाणी लागतच होतं. एक दिवस त्या हुसेनबरोबर पंपघरात गेल्या आणि येताना डोळे चमकत होते. "मावशी, पेटी जावाच आहे!" मी म्हटलं, "मंग बदला की वेळ." म्हणाल्या, "तसं नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांचं मूळ लिखाण कुठेच नाही. शिजलेला भात आहे, तांदूळ नाहीत. पण ... विचारता येईल. तिच्यात काय काय आहे ते तिलाच विचारता येईल." ग्रामपंचायतीत जाऊन त्यांनी परवानगी मागितली. सरपंच म्हणाले, बिघडलं तर? बाई म्हणाल्या, आधी नक्कल घरी नेते, तिच्यावर करून बघते, जमलं तरच अस्सलला हात लावते. सरपंच हसून म्हणाले, "न्या. तसं बी वरच्या वाडीला पानी कुटं येतंय बिघडायला."

नक्कल त्यांनी आमच्या खोलीत चालू केली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. आधी त्यांनी आपली लहान भाषा सुरू केली आणि तिच्या आतून पेटी सुरू केली. मी विचारलं, असं उलटं का? "हाळी घरातल्या घरात ऐकू जाते. पेटी वेगळी चालू केली तर ती वेगळ्या घरात. मग कितीही ओरडा." मग त्यांनी एका कंसात पेटीला विचारलं, तुला काय काय येतं? आणि पडद्यावर नावं पडायला लागली. एकाखाली एक. इंग्रजीत होती, त्या मला वाचून दाखवत होत्या. पंप सुरू कर. पंप थांबव. टाकी किती भरली. दिवा लाव. घंटा वाजव. एवढ्या गोष्टी त्या पेटीला येत होत्या आणि आम्हाला दोन बटणं दाखवली होती! मी विचारलं, "ही नावं कुनी ठेवली?" "कंपनीतल्या कोणीतरी. असेल एखादा पोरगा." "त्यो आता कुटं असंल?" "कुणास ठाऊक." मला याचंच नवल वाटत राहिलं. माणूस गेला, कंपनी गेली, कागद गेले, आणि त्याने ठेवलेली नावं आत तशीच, कोणी हाक मारील तर ओ द्यायला बसलेली.

वाडीच्या व्हॉल्वची वेळ बदलायचं काम त्या नावांत होतं. पण ते खाजगी होतं. म्हणजे लिहिणाऱ्याने त्यावर खूण करून ठेवलेली, की बाहेरच्यांनी हे वापरू नये. मी म्हटलं, "मंग सोडा. आतून कडी लावली म्हंजी नको म्हनतोय मानूस." आमचं यावर बरंच झालं. बाई म्हणाल्या, "कडी आहे, कुलूप नाही. चोर येऊ नये म्हणून नाही लावलेली, वारा येऊन दार आपटू नये म्हणून लावलीय." मी म्हटलं, "हे तुमी म्हनताय. त्यानं सांगितलं का?" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "नाही सांगितलं. विचारायला तो नाही. कडी काढली तर कोणाचं नुकसान होईल, तेवढंच बघता येतं." खालच्या गावाचं पाणी कमी होणार नव्हतं, पंपावर ताण येणार नव्हता. हे त्यांनी नकलेवर पुन्हा पुन्हा तपासलं आणि मग कडी काढली. एका कंसाचं काम होतं. दार उघडायला एवढं सोपं असतं, हे मला अजूनही फारसं आवडलेलं नाही.

कडी काढूनही ओ येईना. नाव दिसतंय, दार उघडं, हाळी दिली की उत्तर यायचं, असं कोणी इथं नाही. बाई जेवायच्या विसरल्या. मी भाकरी नेऊन ठेवायची, ती वाळून जायची. एका दुपारी त्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "सापडलं. आकडा." त्यांच्या भाषेतला प्रत्येक आकडा मोठ्या मापात ठेवलेला, आणि पेटीतल्या त्या कामाला आकडा लहान मापात हवा. "आकडा दोनच आहे हो, दोनात काय मोठं? पण ती नुसतं नाव बघत नाही, हातातलं माप पण बघते. जुळलं नाही की म्हणते, अशा नावाचं कोणी नाहीच." मी म्हटलं, "पायली घेऊन गेलात तर म्हनते शेरानंच मोजा." "तसंच. आणि शेरानं मोजा असंही म्हणत नाही. ओळखच दाखवत नाही." "भावकीतली दिसतीया," मी म्हटलं. मग त्यांनी आपल्या भाषेला शिकवलं, की माप जुळलं नाही तर लगेच परत फिरू नको, दुसऱ्या मापात घालून बघ. तेव्हा नकलेतला व्हॉल्व उघडला. उघडला म्हणजे पडद्यावर एक चौकोन हिरवा झाला. बाईंनी मला हाताला धरून आत नेलं तो चौकोन बघायला.

मग अस्सल पेटी. वीज रविवारपर्यंत दिवसा आणि सोमवारपासून रात्री, असं ठरलेलं होतं. हुसेन आणि मी बाईंच्या मागे उभे. बाईंनी विचारलं, "तुमच्या वाडीला कधी पाणी सोडायचं?" मी म्हटलं, "सोमवारी रात्री दोनला. तवा लाइट असती अन् खालच्यांचं भरून झालेलं असतं." हुसेननेही मान हलवली. त्यांनी ते लिहिलं, पेटीने ओ दिली, आम्ही घरी आलो. अख्ख्या वाडीने पिंपं घासून ठेवली. मंगळवारी सकाळी नळ कोरडे. बायका माझ्या दारात. त्यांतली एक म्हणाली, "बाईंच्या कंसातनं पानी गळालं वाटतं." बाईंचा चेहरा उतरला. हुसेन येऊन म्हणाला, "काहीतरी झालंय."

पेटीला विचारलं तर ती म्हणत होती, सांगितल्याप्रमाणे सोमवारी दोनला व्हॉल्व उघडला होता. मी म्हटलं, खोटं बोलतीया. बाई बोटं मोडत बसल्या. आणि मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाल्या, "मावशी, सोमवारी रात्री दोन, म्हणजे सोमवारचं जेवण झाल्यावर?"

"मंग! आन् कवा?"

"अहो, तो मंगळवार झाला!"

"मंगळवार कसा? उजाडलं कुटं?"

"बारा वाजले की तारीख बदलते."

"तुमच्याकडं बदलत आसंल. हितं कोंबडा आरवल्याबिगर वार बदलत न्हाई."

त्या हुसेनकडे बघायला लागल्या. हुसेन म्हणाला, "बाई, मावशीचं बरोबर हाय. गस्त घालायला जातो तवा सोमवारची गस्त म्हंजी उजाडंस्तवर सोमवारच." पेटीने रविवारच्या रात्री व्हॉल्व उघडला होता. रात्रीची वीज अजून सुरू झाली नव्हती, म्हणून काही झालं नाही, वेळ संपली, पेटीने बंद केला. कोणी खोटं बोललं नव्हतं. बाई कपाळाला हात लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "आयुष्यभर वेळेचं गणित केलं मी. आणि हे विचारायचं सुचलं नाही."

मला वाटलं आता सगळ्या गावाला सांगतील, की रात्री बारानंतर पुढचा वार म्हणा. दुसऱ्या कोणी तेच केलं असतं. बाईंनी तसं केलं नाही. पेटीला काही शिकवता येत नव्हतं, ती तिच्या कंपनीच्या पोराने सांगितल्याप्रमाणेच वागणार. त्यांनी आपल्या लहान भाषेत एक नवीन शब्द बांधला, वाडी-पाणी. त्याला आपला वार आणि आपली रात्र सांगायची. बारानंतरचं असलं तर तो मनातल्या मनात वार पुढे सरकवतो, आकडा लहान मापात घालतो आणि मग पेटीला हाळी देतो. "पेटीचा मंगळवार पेटीकडे," त्या म्हणाल्या. "तुमचा सोमवार तुमच्याकडे. मधली धावपळ माझी." आणि सगळं मराठीत लिहिता येईल असं केलं, आकडेसुद्धा. का, तर म्हणाल्या, "मी नेहमी असेन असं नाही." ही गोष्ट त्यांनी मीठ संपलंय म्हणावं तशी सांगितली. मी म्हटलं, "मंग मला दावून ठेवा." त्यांनी मला बसवून शिकवलं. एका बोटाने, एकेक अक्षर.

(वाडी-पाणी सोमवार रात्री २)

माझ्या हातचं पहिलं पाणी आलं तेव्हा वाडीत कोणाला खरं वाटलं नाही. दत्ताला फोन केला तर म्हणाला, "बरं झालं. पन हे त्या बाई हायेत तोवर."

तेच झालं. बाई गेल्यावर त्यांचा भाऊ खोली रिकामी करायला आला. सज्जन माणूस, वाडीची चढण चढून दमलेला. कपडे, पुस्तकं, त्यांचा लहान कॉम्प्युटर गाडीत ठेवला आणि मला विचारलं, "ताई इथं काय करत होती हो?" मी जे वर लिहिलंय ते थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाला वाटायचं वेळ घालवतेय." आता त्यांचं काम पंपघरातल्या पेटीत तेवढं राहिलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत विजेची वेळ फिरली. आमची रात्र सोमवारवरून शुक्रवारवर गेली. दत्ता आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या शुक्रवारी पानी न्हाई आलं तर बोचकं बांधायचं. न्हाई म्हनायचं न्हाई." मी म्हटलं, "बरं." मलाही आता हंडा दोनदा टेकवल्याशिवाय वर आणता येत नव्हता.

पंपघरात मी, हुसेन आणि दत्ता. मी खुर्चीवर बसले, एका बोटाने लिहिलं, वाडी-पाणी, शुक्रवार, रात्री, तीन. कंस लावला. पडद्यावर उत्तर आलं, मराठीत, बाईंनीच लिहून ठेवलेलं. हाळी ऐकायला घरात कोणी नाही.

दत्ता म्हणाला, "झालं. चल आता."

मी म्हटलं, "थांब जरा." कंस बघितले, बरोबर होते. वार बरोबर. माप तर आता भाषाच बघते. मग राहिलं काय? घरात कोणी नाही ... घरात. मी हुसेनकडे वळले. "हुसेन, ही पेटी तू कशी चालू केलीस?"

"म्हंजी? न्हेमीसारकी."

"न्हेमीसारकी म्हंजी कशी? सरळ बोल."

"त्या दिवशी लाइट गेलती. आली तवा बटन दाबलं, जुन्या चित्रावर टिचकी मारली, सुरू झाली. मंग बाईंचं बी चित्र हाय शेजारी, ते बी उघडून ठेवलं. म्हटलं लागंल."

"वेगवेगळं उघडलंस?"

"व्हय."

"आरं, दोन घरं झाली ना! ही हितनं वराडतीया अन् ती तिकडं दार लावून बसलीया. बाईंच्या घरातनं चालू करायची पेटी, किती येळा सांगितलं बाईंनी तुला!"

"मला कुटं सांगितलं? तुला सांगितलं असंल."

तेही खरं असेल. दोन्ही बंद करायला लावलं. बाईंचं आधी उघडलं, त्यात पेटी सुरू करायचा कंस लिहिला. तो मला पाठ होता, कारण तो लिहिताना त्या दर वेळी म्हणायच्या, "या, आत या." परत वाडी-पाणी लिहिलं. या वेळी उत्तर आलं, ऐकलं. एवढंच, एका शब्दात. त्या खुर्चीवर मग मी जरा बसून राहिले. पाठ टेकायची जागा त्यांनी जुन्या साडीने बांधून घेतली होती, माझ्याच. मला न विचारता घेतलेली होती हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी उजाडायच्या आधी, म्हणजे आमच्या शुक्रवारीच, नळाने आधी हवा सोडली, खोकला, गढूळ फेकलं आणि मग सरळ लागला. वाडीभर पिंपांचे आवाज. दत्ता अंगणात झोपला होता तो उठला, तोंड धुतलं, पाण्याकडे बघत उभा राहिला. बोचक्याचं नाव काढलं नाही. जरा वेळाने गाडीकडे गेला आणि डिकीतून दोन मोठे कॅन काढून आणले. मी म्हटलं, "हे कशाला?" इकडेतिकडे बघत म्हणाला, "आमच्या सोसायटीचा टँकर तीन दिवस आला न्हाई."

त्याने कॅन नळाखाली लावले. भरता भरता विचारलं, "आई, हे त्या बाईंनी केलं का तू?"

"काम पेटीनं केलं," मी म्हटलं. "नावं कोन्या पोरानं ठेवलीत, त्यो कुटं हाय कुनाला ठावं. हाळी बाईंची. मी निस्ता वार सांगितला."

त्याने मान हलवली आणि दुसरा कॅन पुढे सरकवला.